इन्व्हर्टर घेण्याआधी लाईन नेमकी कुठून जाते ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. घाटंजी तालुक्यातलं गाव, घर गल्लीच्या शेवटाला. दिवसातून पाच-सहा वेळा लाईन जाते. कधी अख्खं गाव अंधारात, तर कधी तुमच्यासह चारच घरं. संध्याकाळी पंखा रेंगाळतो, फ्रिज घुरघुरतो पण थंड करत नाही. मागच्या महिन्यात एका रात्री देवघरातला बल्ब एकाएकी फटफटीत पेटला आणि टीव्ही गेला, फ्रिजचा स्टॅबिलायझरही गेला. सासरे म्हणतात मोठा इन्व्हर्टर घ्या, मुलगा म्हणतो छतावर सोलर लावू. शिवाय तुम्ही विचारता की एवढी वीज आपल्या विदर्भात तयार होते, मग अंधार आपल्याच वाट्याला का?

मी परवानाधारक वायरमन आहे. यवतमाळ-वर्धा भागातल्या खेड्यांत घरांची फिटिंग आणि शेतातल्या मोटरींची कामं करण्यात उमर गेली. तुम्ही लिहिलेल्यात मला चार वेगवेगळे बिघाड दिसतात. चारही आपण 'लाईन जाते' याच नावाने सांगतो, पण प्रत्येकाची जागा वेगळी आणि उपायही वेगळा. इन्व्हर्टर त्यातल्या एकाच बिघाडावर कामाचा, सोलर तर तुम्हाला वाटतं त्या अर्थाने एकावरही नाही. म्हणून काय घ्यायचं ते शेवटी पाहू.

सगळ्यात आधी त्या फटफटीत बल्बाचं बोलतो, कारण बाकीचं महिनाभर थांबलं तर चालेल, हे थांबवू नका. गावात म्हणतात की डबल फेज सोडला. बहुतेक वेळा कोणी काही सोडलेलं नसतं, न्यूट्रल तुटलेला असतो. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा येतात. कोणताही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४००. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, समोरच्या घरात दुसरा फेज आणि तोच न्यूट्रल. हा न्यूट्रल वाटेत तुटला की दोन्हीकडची उपकरणं एकाच साखळीत जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी बरोबरीची होत नाही. जिकडे लोड जास्त तिकडे व्होल्टेज पडतं, जिकडे लोड कमी तिकडे चढतं. एका बाजूचं लोड दुसरीच्या तिप्पट असेल तर तिकडे १०० व्होल्ट उरतात आणि इकडे ३०० येतात. समोर मोटर चालू असेल आणि तुमच्याकडे फक्त बल्ब आणि टीव्ही असेल, तर जळेल तुमचाच टीव्ही.

त्या रात्री तुमचे बल्ब भडकले तेव्हा गल्लीत कोणाचे बल्ब मिणमिणते झाले होते का, एवढं विचारून घ्या. उत्तर 'हो' असेल तर न्यूट्रलबद्दल शंका ठेवू नका. आणि तुटलेली जागा तुमच्या घरात नाही, वरती आहे: खांबावरच्या जंपरमध्ये (दोन तारा जोडणाऱ्या तुकड्यात) किंवा डीपीच्या पेटीतल्या न्यूट्रलच्या बोल्टवर. फक्त तुमच्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल सुटला असता तर बल्ब भडकले नसते, बंद पडले असते. आणि एखादं बटन चालू ठेवून सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर तो दोन्ही छिद्रांत पेटला असता. या खुणेवरून अर्धं निदान घरबसल्या होतं.

पुन्हा असं झालं तर एकेक बटन बंद करत फिरू नका, सरळ मेन स्विच पाडा. लाईनमनने जोड पक्का करेपर्यंत तो चढवू नका. नुसती तार पिळून दिली तर चार आठवड्यांनी तेच होईल, म्हणून कनेक्टर लावून घट्ट केलंय का ते विनंती करून विचारा. घरात मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. ठरवलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली व्होल्टेज गेलं की तो घराची लाईन तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप जोडतो. एमसीबी हे काम करत नाही. ती जास्त करंट ओळखते, जास्त व्होल्टेज नाही. इन्व्हर्टरच्या किमतीपुढे या प्रोटेक्टरचा खर्च काहीच नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर पहिला पैसा इथे घातला असता.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. न्यूट्रल गेला की काही घरांत अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल करून लाईट चालवतात. लाईट लागते, पण त्या क्षणापासून अर्थिंगची सळई आणि तिला जोडलेलं प्रत्येक लोखंड संशयाचं होतं: कूलरची बॉडी, मोटरचा पंप, लोखंडी खाट टेकली असेल तर तीसुद्धा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की काळ्या मातीला भेगा जातात, सळईचा जमिनीशी संबंध सुटतो, आणि तो सगळा करंट हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं, लेकरं जातात. पाणी भरायच्या आधी बटन बंद करून प्लगही उपसायचा, हा नियम घरातल्या लहानग्यांपर्यंत गेला पाहिजे. शिवाय ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच. माणूस मरायला अँपिअरचाही छोटा अंश पुरतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. आरसीसीबी सारखी पडते म्हणून काढून टाकलेली घरं मी पुष्कळ पाहिली. ती पडते, कारण कुठेतरी करंट जमिनीत किंवा भिंतीत गळतोय. ती गळती शोधायची असते.

आता विदर्भातल्या विजेचं. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा, तिरोडा. धूर आणि राख आपल्याकडे आणि लाईन मात्र दुसरीकडे, हा राग मला समजतो. पण केंद्राच्या जवळ राहिल्याने वीज आधी मिळत नाही. ती उच्चदाबाच्या वाहिन्यांनी देशाच्या एकाच जाळ्यात जाते आणि तिथून सगळीकडे वाटली जाते. तुमच्यापर्यंत येताना ती ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टांच्या, उपकेंद्रात उतरते, तिथून ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे गावांकडे निघणाऱ्या लाईनवर, मैलोनमैल वावरांतून, नाल्यांवरून, बाभळींच्या शेजारून जाते, मग गावच्या डीपीवर ४०० व्होल्टांची होऊन खांबाखांबाने तुमच्या घराशी येते. तुमचा अंधार बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात तयार होतो. चंद्रपूरचे सगळे संच पूर्ण क्षमतेने चालू असतानाही होतो.

तुटवड्याचे दिवस वेगळे होते. २००५ नंतरच्या त्या वर्षांत गावोगावी दहा-बारा तास भारनियमन असायचं. गळती आणि वसुली पाहून फीडरचे गट पाडलेले होते, जितका गट खालचा तितके तास जास्त. त्रास मोठा होता, पण वेळ ठरलेली असायची. बायका दळण त्या हिशेबाने उरकायच्या. म्हणून माझा पहिला सवाल असा असतो की लाईन रोज ठरल्या वेळी जाते का? तसं असेल तर ते कोणाच्या तरी वेळापत्रकाने आहे. वेळीअवेळी जात असेल तर कुठेतरी तारेत, जोडात किंवा डीपीत बिघाड आहे. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतं.

इथे एक गोष्ट तुमच्या घराच्या जागेवर अवलंबून आहे. घर गावठाणात आहे की वावरात? गावठाणाचे आणि शेतीचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केले आहेत. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने मिळतो, साधारण आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री. वावरातलं घर त्या फीडरवर असेल तर ती पाळी तुमच्याही वाट्याला येणार, आणि त्यावर घरातल्या घरात काही दुरुस्ती नाही. तुम्ही गल्ली म्हणता, म्हणून घर गावठाणात आहे असं धरून पुढचं लिहितो.

लाईन गेली की पहिलं काम म्हणजे बाहेर येऊन पाहणं, आणखी कोण अंधारात आहे? शेजारचं गावही दिसत नसेल तर फीडर किंवा ३३ केव्ही गेली. फक्त आपलं गाव अंधारात असेल तर डीपीच्या वरचा ११ केव्हीचा डीओ फ्यूज, त्याच ११ केव्हीच्या तारेचा जंपर किंवा खुद्द डीपी. काही घरं उजेडात आणि त्यांच्या मधली काही अंधारात, असं असेल तर एका फेजचा फ्यूज. फक्त तुम्ही असाल तर खांबापासून तुमच्या बोर्डापर्यंतच काहीतरी आहे. तुमच्या 'चार घरां'चा सर्व्हिस एकाच खांबावरून, एकाच फेजवर आहे का ते बघा. माझा अंदाज तसाच आहे.

दुसरं, लाईन कशी जाते ते बघा. वारा आला, क्षणभर गेली आणि आली, असं असेल तर फांदी घासली असेल किंवा झोळ पडलेल्या तारा एकमेकींना लागल्या असतील. आपल्या काळ्या मातीत हे जास्त होतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आवळते, खांब हळूहळू कलतो आणि तारा ढिल्या पडतात. दोन खांबांच्या मधोमध तारा एकमेकींपासून दूर ठेवणारे स्पेसर नसतील तर वाऱ्यात ठिणग्या दिसतात. हे कोणाच्या नजरेस पडलं असेल तर खांबाची जागा लिहून ठेवा, तक्रारीत कामी येईल.

याउलट लाईन दोन सेकंद येते, जाते, परत दोन सेकंद येते आणि मग तास-दोन तास नाही, असा प्रकार असेल तर उपकेंद्रातला माणूस फीडर चालू करून पाहतोय आणि तो टिकत नाही. म्हणजे दोष पक्का आहे. मृगाच्या पहिल्या सरीला हे हमखास होतं. चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाने दिवसभर तापलेले असतात, त्यावर थंड पाणी पडलं की त्यांना तडा जातो. तड्यात पाणी शिरतं आणि करंट खांबातून जमिनीत उतरतो. हा तडा खालून, रात्री, टॉर्चच्या उजेडात दिसत नाही. मग लाईनमन फीडरचे दोन भाग तोडणारा मधला एबी स्विच उघडतो आणि अलीकडचा अर्धा भाग चालू करायला सांगतो. टिकला तर दोष पलीकडे. परत त्या भागाचे दोन तुकडे. चिखलातून, वावरातून, साप-विंचवाच्या भीतीत ही पायपीट चालते, आणि बहुतेक वेळा त्या एका माणसाकडे अनेक गावं असतात. लाईन यायला मध्यरात्र का होते, याचं उत्तर यात आहे. अशा रात्री त्याला शंभर फोन लावण्यापेक्षा कोणत्या खांबाजवळ आवाज झाला, कुठे ठिणगी दिसली एवढं सांगणारा एक फोन जास्त उपयोगाचा. आणि अशा दोन-दोन सेकंदांच्या खेपांत फ्रिज, टीव्ही आणि मोटरचा प्लग काढून ठेवा. उपकरणं जळायची दाट शक्यता त्या क्षणांत असते.

आता संध्याकाळचा रेंगाळणारा पंखा. आजकालच्या चांगल्या एलईडी बल्बांवरून व्होल्टेजचा अंदाज येत नाही, ते १५० व्होल्टांवरही तसाच उजेड देतात. पंखा आणि फ्रिज खरं सांगतात. तुमच्या तारेची गोष्ट शेवटच्या वावरासारखी आहे, पाटाचं पाणी वरच्यांची भिजवणी झाल्यावर जे उरेल ते. डीपीपासून जितकं दूर आणि तार जितकी बारीक, तितकं व्होल्टेज वाटेत खर्च होतं. पण अंतरापेक्षा मोठं कारण बहुतेक गावांत फेजची असमान वाटणी हे असतं.

हिशेब करून बघा. ६३ केव्हीएची डीपी असेल तर एका फेजच्या वाट्याला २१ केव्हीए, म्हणजे साधारण ८४ अँपिअर. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एका घराचा कूलर २०० वॅट, फ्रिज १५०, पंखा ७५, टीव्ही आणि बल्ब मिळून शंभर-सव्वाशे, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. अशी ४० घरं एकाच फेजवर असतील तर २२ किलोवॅट झाले, तो फेज त्याच्या ताकदीच्या बाहेर गेला. बाकीच्या दोन फेजवर पंधरा-पंधरा घरं असतील तर तिथे जेमतेम आठ-आठ. पूर्ण डीपीचा विचार केला तर तिच्यावर ३८ किलोवॅटच आहे, तिला काही झालेलं नाही. तरीही त्या एका फेजचा फ्यूज रोज जातो आणि त्या चाळीस घरांना व्होल्टेज मिळत नाही. शेजाऱ्याकडे लाईन आणि आपल्याकडे नाही, याचं सगळ्यात सामान्य कारण हे आहे. आणि यावर नवीन डीपी लागत नाही, खांबावर काही सर्व्हिस वायरी एका फेजवरून दुसऱ्यावर नेल्या की भागतं. वीज कंपनीच्या माणसांचं एका दिवसाचं काम.

हे असमान का होतं? नवीन कनेक्शन देताना हाताला येईल त्या तारेवर जोडलं जातं. आकडे टाकणारे खालची, सोयीची तार धरतात. आणि आपल्याच गल्लीत कोणी सिंगल फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर चालवत असेल, तर ती एकटी मोटर अनेक घरांचं व्होल्टेज ओढते. सध्या हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस आहेत, गावालगतच्या विहिरींवर हा प्रकार फार चालतो. शेतीच्या मोटरींना लावलेला ऑटोस्विच हाही असाच. लाईन आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. उठताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट घेते, म्हणून डीपी तिथेच बसते. ऑटोस्विच काढा, करंट कमी ओढावा म्हणून मोटरला कपॅसिटर लावा, हे ऐकायला साधं वाटतं. पण ज्या कास्तकाराची पाळी रात्री बारानंतरची आहे, त्याने थंडीत, रानडुकरांच्या वावरात जाऊन बटन दाबावं असं आपण त्याला सांगत असतो. दिवसा पाळी मिळाल्याशिवाय तो ऑटोस्विच काढणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

कमी व्होल्टेजवर लोक स्टॅबिलायझर घेतात. फ्रिजसाठी तो असावाच, आणि लाईन आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून सुरू होणारा असावा, कारण कॉम्प्रेसर बंद पडल्या पडल्या पुन्हा उठू शकत नाही. पण स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. १६० चे २२० करताना तो तारेतून जास्त करंट ओढतो, म्हणजे तुमच्या मागच्या घराला आणखी कमी मिळतं. गल्लीत दहा जणांनी घरभराचे मोठे स्टॅबिलायझर लावले तर सगळ्यांचं मिळून व्होल्टेज अजून पडेल.

आता तुमच्या घराचं. खांबापासून बोर्डापर्यंतचा टप्पा सगळ्यांत दुर्लक्षित असतो आणि सगळ्यांत स्वस्तात सुधारतो. खांबावर ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची सर्व्हिस वायर नुसती गुंडाळली असेल तर तो जोड गंजतो, तापतो आणि ढिला होतो. मिक्सर लावला की लाईट मिचकावते, वारा आला की जाते-येते, ही त्याची लक्षणं. मीटरच्या खालच्या टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, जळका वास येतो का, तेही बघा. सील असतं, म्हणून हात लावू नका, कंपनीच्या माणसालाच दाखवा. सर्व्हिस वायर पत्र्यावरून घासत आली असेल तर तिचं आवरण कधीतरी कापलं जाईल आणि भर पावसात पूर्ण पत्रा जिवंत होईल. ती उंच, आधाराच्या तारेवर घ्या. घरातल्या फिटिंगचे जोड आणि अर्थिंग परवाना असलेल्या वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी पडत राहावं. सांडपाण्याची जागा जवळ असेल तर उत्तम.

एवढं झालं की इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात नव्या बॅटरीतून बाराशेच्या आसपास धरा. दोन साधे पंखे १५० वॅट, चार बल्ब आणि मोबाईलचा चार्जर मिळून ५०, म्हणजे २०० वॅट. सहा तास जातील. तेच पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, तीस-पस्तीस वॅटचे घेतले तर लोड सव्वाशेच्या आत येतं आणि नऊ-दहा तास मिळतात. म्हणून सासरेबुवांना सांगा, मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्यांपेक्षा एक बॅटरी आणि दोन बीएलडीसी पंखे घ्या. हे पंखे लाईन असतानाही बिल कमी करतील. कूलर मात्र त्यावर लावू नका, बॅटरी तीन-चार तासांतच निथळते.

पण रिकामी बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास बरं व्होल्टेज लागतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे एक बटन असतं, यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं तर साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टर लाईन नाकारून बॅटरीवर जातो. लाईन आहे, तरी बॅटरी खर्च होतेय आणि खरी लाईन जाते तेव्हा ती रिकामी. 'नवी बॅटरी दोन वर्षांत मेली' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी मी आधी हे बटन पाहतो. घरात कॉम्प्युटर नसेल तर ते नॉर्मलवर ठेवा. तुमची व्होल्टेजची गोष्ट सुधारल्याशिवाय कोणताही इन्व्हर्टर तुम्हाला पुरा पडणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

मुलाच्या सोलरबद्दल. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि बिल कमी करायला ही गोष्ट चांगली आहे. पण हे सोलर लाईनशी जोडलेलं असतं. लाईन गेली की ते स्वतःहून बंद पडतं, डोक्यावर बाराचं ऊन असलं तरी. तसंच करायला हवं, नाहीतर छतावरून उलटी वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेला लाईनमन मरेल. लाईन नसतानाही घर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. शिवाय व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तरीही सोलरचा इन्व्हर्टर थांबतो, म्हणून तुमच्याकडे त्याचं उत्पादनही पूर्ण मिळणार नाही. आणि जनरेटर असो की इन्व्हर्टर, त्याची वायर सॉकेटमध्ये खुपसून घरभर लाईन फिरवू नका. तीही अशीच उलटी तारेत जाते.

आता तक्रार कशी करायची. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या किंवा वायरमनकडून आणा. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री आठ वाजता सॉकेटमधलं व्होल्टेज वहीत लिहा. लाईन गेली-आली ती वेळ, आणि कोण कोण अंधारात होतं, तेही. घरगुती पुरवठ्यात २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४, एवढं चालतं. रात्री आठला तुमच्याकडे १६५ भरत असेल तर तो आकडा 'लाईट डिम असते' या वाक्यापेक्षा खूप वजनदार आहे. १९१२ वर तक्रार करताना बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगा आणि तक्रारीचा नंबर त्याच वहीत लिहा. मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तर ठरवून बंद ठेवणार असतील त्याचा निरोपही येतो. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून द्यावी, असा नियम आहे आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूदही आहे, पण ती मागायला तक्रारीची नोंद लागते. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्या वर नागपूरला विद्युत लोकपाल.

गावातल्या पोरांना डीपीवर फ्यूज टाकायला मात्र पाठवू नका. लांब बांबूने डीओ चढवण्यात पटाईत असलेली पोरं प्रत्येक गावात असतात, आणि ११ केव्हीला तार शिवावीही लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं.

एकट्याने अर्ज देऊ नका. त्या चार घरांची, आणि त्या फेजवरच्या जमतील तेवढ्या घरांची सही घ्या. मागणी 'नवीन डीपी द्या' अशी न लिहिता 'डीपीवरच्या तिन्ही फेजचं लोड मोजून समान करा, न्यूट्रलचे जोड तपासा आणि अमुक खांबांमधल्या तारा ताणा' अशी लिहा. सोबत वहीची झेरॉक्स जोडा. नवीन डीपीला मंजुरी, निधी, यादी हे सगळं लागतं. या तीन कामांना कनिष्ठ अभियंत्याने मनावर घेतलं तर त्यातलं काही लागत नाही. अर्ज होळीच्या आत पोचू द्या. एकदा कूलर लागले की भर उन्हात दिवसभर लाईन बंद ठेवून फेज बदलायला कोणी तयार होत नाही, ना कंपनी, ना गाव.